दोनशे छप्पन्न दाणे

प्रिय सुमनताई,

तुझ्या नोट्समुळं काल पल्लवीच्या जर्नलवर सही मिळाली नाही. सही नाही तर प्रॅक्टिकलला बसता येत नाही. म्हणून लिहिते आहे. तू जाऊन आठ महिने झाले. इतक्यात तुझ्यावर चिडायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं.

पल्लवी तेर गावची. दहावीला माझ्याकडं गणिताला होती, आता तू शिकवायचीस त्या कॉलेजात आहे. दारातच म्हणाली, "बाई, दोनदा काढले दाणे. दोन्हीदा खूण न्हाय. खोटं कशाला लिहू?"

तुझाच प्रयोग. ज्वारी, तूर, हरभरा, मूग ही डीएनएची चार अक्षरं. चारही सारखे मिसळून डोळे मिटून दाणा उचलायचा, अक्षर लिहायचं, दाणा परत टाकायचा. असं दोनशे छप्पन्न वेळा. मग रिस्ट्रिक्शन एन्झाइम डीएनए जिथं कापतं ती चार अक्षरांची ठरलेली खूण शोधायची. किती सुंदर कल्पना होती! आणि खाली काय लिहून ठेवलंस? "प्रत्येकीला एक खूण सापडेल."

का सापडेल? चार जागा, प्रत्येक जागी चारांतलं एक अक्षर, म्हणजे दोनशे छप्पन्न प्रकार; म्हणून दोनशे छप्पन्न अक्षरांत एक खूण. पण ती सरासरी झाली. एकीला दोन सापडतील, एकीला तीन, आणि तिघींतल्या एकीला एकही नाही. तू नोट्स काढल्यास तेव्हाच मी तुला विचारलं होतं, सहा वेळा फासा टाकला की सहा पडतोच का? तू शेंगा सोलत म्हणालीस, "अगं, शून्य आलं तर पोरींना वाटतं आपलंच चुकलं."

तुझ्या कपाटातली जुनी जर्नल्स मी रात्री उघडली. प्रत्येकात नेमकी एक खूण. धान्य इतकं आज्ञाधारक कधीपासून झालं, ताई? तुला कधीच शंका आली नाही?

आज पल्लवीचं जर्नल घेऊन कॉलेजात गेले. तुझ्या जागी तुझीच विद्यार्थिनी मीनल आहे. म्हणाली, "मॅडमच्या नोट्समध्ये एक म्हटलंय, बाई. हिनं दाणे काढलेच नसतील."

"तुला सापडली होती?"

तिनं दार लोटून घेतलं. "न्हाय. एके ठिकाणी तूर आली होती, तिथं मूग लिहिला."

"आणि मॅडम?"

"मॅडमनी 'शाब्बास' लिहिलं."

तुझ्या मायेनं वर्षानुवर्षं पोरी खोटं लिहायला शिकल्या. जिनं खरं लिहिलं, ती कामचुकार ठरली. हे मला तुझ्या तोंडावर बोलायचं होतं. ती संधीही तू ठेवली नाहीस.

मीनलनं पेन उघडलं आणि सही केली. पुढच्या वर्षी या प्रयोगाला मी स्वतः टेबलाशी उभी राहीन, आणि शून्य आलेल्या पोरीला आधी बोलायला लावीन. हा शब्द देते.

तुझी धाकटी,
शैला

सोपवलं: पल्लवीचं जर्नल, तिच्या हाती, सहीसकट. अक्षरं दोनशे छप्पन्न. खुणा शून्य. खाडाखोड नाही.