याचं मराठी कर

३ डिसेंबर १९६८

आज पुन्हा इंग्रजीच्या क्लासला उशीर. सक्करदऱ्याच्या तलावावर सर्कसवाले हत्ती धुवून राहिले होते, तिथंच उभा राहिलो. हत्ती पाण्यात बसला की उठायला तयार नाही. माहूत ओरडून ओरडून थकला!

दत्तोपंत मास्तर रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "शालिकराम, उभा राहा. सुताराच्या मुलीने दगड मारिला नसता, तर न्यायाधीशाचा कुत्रा भुंकला नसता." केलं इंग्रजी. दोनदा अडलो, पण केलं. मग रुपरावाने माझ्या इंग्रजीचं परत मराठी केलं. रोज असंच. मास्तर मराठी देतात, एकाने इंग्रजी करायचं, दुसऱ्याने उलटं. इंग्रजी कानावर पडलं की तोंडातून मराठी निघालंच पाहिजे, मध्ये श्वास घ्यायचा नाही. श्वास घेतला की मास्तर म्हणतात, "लबाडी! आता तू आठवून सांगत नाहीस, रचतो आहेस."

रुपराव एसटीत कंडक्टर आहे. बाहेर आल्यावर म्हणाला, "जजच्या कुत्र्याले गोटा मारून मले प्रमोशन कसं भेटन गा?"

आणखी एक पाहिलं. मास्तरांनी फळ्यावर कालच्या ओळीवरच आजची ओळ लिहिली. कोणी हसलं नाही.

६ डिसेंबर

कांताबाईंनी क्लास सुटल्यावर मला थांबवलं. मास्तरांच्या पत्नी; क्लास त्यांच्या घरीच भरतो. चहा दिला. हळूच म्हणाल्या, "परवा दारात यांनी मलाच विचारलं, कोण आपण? मोतीबिंदू उतरलाय रे. पिकायची वाट पाहतोय."

मास्तरांनी आतून ऐकलं. "पिकू दे गं! कच्चा काढला तर डोळा जातो." हे खरंच आहे, सगळेच असं सांगतात. उमरेडला आमच्या गल्लीतही सांगत. मी विचारलं, कोणत्या डॉक्टरने पाहिलं? — कोणीच नाही! दोन वर्षं आपापलंच ठरवून बसलेत.

पुस्तक त्यांना लागत नाही, वाक्यं पाठ आहेत. पण फळा? वह्या? या वर्षी पोरं अर्धी झाली. क्लास गेला तर मास्तर दिवसभर करतील काय? दुसरं काही त्यांना येतच नाही. मला तरी काय येतं! मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा गेलो. बापाचा हातमाग सोडून आलो. काटोलला संत्र्याच्या पेट्या ठोकल्या, टॉकीजच्या दारावर तिकिटं फाडली. माय म्हणते, "तुया पायाले भवरा हाये." क्लास मात्र सुटला नाही. का, ते माहीत नाही.

९ डिसेंबर

गेलो नाही. सर्कस पाहिली. सिंह फार म्हातारा आहे.

११ डिसेंबर

रुपरावाने बातमी आणली. रामदासपेठेत डोळ्याच्या दवाखान्यात ऑस्ट्रेलियाची डॉक्टरीण आली आहे. खेड्यांत शिबिरं घेणार. इंग्रजी येणारा माणूस पाहिजे. "जाय ना गा! तिले कुत्र्याची गोष्ट सांग."

मी आजवर गोऱ्या माणसाशी एक शब्द बोललो नाही. मास्तरही नाहीत, असं वाटतं. विचारायची हिंमत झाली नाही.

१३ डिसेंबर

लिहायला हात तयार नाही, पण लिहितो.

डॉ. बेल नावाची उंच बाई. बाजूला दवाखान्याचा क्लार्क गुलाबचंद. बाई म्हणाली, "व्हॉट इज युअर नेम?"

मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "तुझे नाव काय आहे?"

आणि थांबलो. पुढच्या वाक्यासाठी!

बाईने गुलाबचंदकडे पाहिलं. पुन्हा मला — "व्हेअर डू यू कम फ्रॉम?" मी — "तू कोठून येतोस?" मध्ये श्वास नाही, काही नाही. मला तर वाटलं, पेपर मस्त चालला आहे. "डू यू अंडरस्टँड मी?" — "तुला माझे म्हणणे समजते काय?"

"अबे, सवाल तेरे को पूछ रही है!" गुलाबचंद ओरडला.

तेव्हा डोक्यात शिरलं. उत्तर देऊ गेलो तर एक शब्द नाही! माझं नाव मला इंग्रजीत सांगता येईना. उत्तर द्यायचं असतं हे क्लासमध्ये कधी आलंच नव्हतं.

बाई इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसले. मग गुलाबचंदला काहीतरी विचारलं. तो म्हणाला, "एकदम बराबर, मॅडम. सेम टू सेम मराठी." बाईचं हसू थांबलं. मान हलवली.

गुलाबचंद मला दारापर्यंत सोडायला आला. मी म्हटलं, गेली नोकरी. तो म्हणाला, "सोमवारसे आ जा. मॅडमको जवाब देनेवाला नहीं मंगता, उसका सवाल पहुँचानेवाला मंगता. पेशंटका जवाब उलटा इंग्लिशमें करेगा ना?"

करेन की! तेच तर शिकलो आहे.

१४ डिसेंबर

मास्तरांना पेढा दिला. मुलाखतीची गोष्ट सांगितली नाही. म्हणाले, "पाहा! म्हणत होतास, बोलणं कधी शिकवणार?"

१८ डिसेंबर

नरखेडच्या पुढचं गाव, शाळेत शिबिर. बाई नाकातून बोलते, दोन दिवस कान लागायला गेले. आता लागला.

पहिली पेशंट पंचफुलाबाई. बाईचा प्रश्न मी मास्तरांच्या थाटात पोचवला — "आपणास केव्हापासून दिसत नाही?" म्हातारी दचकली. "कोन बोलून राह्यला गा हा? कीर्तनकार हाये काय?" सगळी शाळा हसली. मग म्हटलं, "कवापासून दिसत नाही वं माय?" म्हणाली, "सून दिसली होती. नातू नाही दिसला."

त्याचं इंग्रजी केलं. पंचफुलाबाईचं ऑपरेशन उद्या. तिला दिसेल.

तिच्यामागे एक म्हातारा होता. तोही पिकायची वाट पाहत थांबलेला. बाईने दिवा मारून पाहिलं आणि दिवा विझवला. हा मोतीबिंदू नव्हेच. काचबिंदू. यात पिकत काही नाही. थांबाल तेवढं जातं, आणि गेलेलं परत येत नाही. हे मला त्याला सांगावं लागलं. सांगितलं, वाक्यामागून वाक्य. तो म्हणाला, "बरं." उठला, दार चुकला.

परतताना झाडं संत्र्यांनी वाकलेली. गाडी थांबवून सगळ्यांनी खाल्ली. मला गेली नाहीत.

२१ डिसेंबर

मास्तरांना सांगितलं — एकदा डोळे दाखवून घ्या. "उन्हाळ्यानंतर पाहू." काचबिंदूचं सांगितलं. "तो मला कशाला होईल?" कांताबाई स्वयंपाकघरातून आल्या, पदराला हात पुसत. "सोमवारी जायचं. रिक्षा मी सांगते."

त्या आत गेल्यावर मास्तर माझ्याकडे सरकून बसले. "शालिकराम, त्या बाईंनी मला काही विचारलं, आणि मला कळलं नाही तर? लोक म्हणतील, जन्मभर याने काय शिकवलं?"

म्हणजे हे! डोळ्याची भीती नव्हतीच.

मी म्हटलं, "मी आहे ना."

२३ डिसेंबर

मास्तरांनी काळा कोट घातला होता. रिक्षात एक वाक्य घोळवत होते. आत गेल्यावर हात जोडून ते म्हणालेही — लांबलचक, एकही चूक नाही, एखाद्या अर्जासारखं. डॉ. बेल खूश झाली. भराभर काहीतरी बोलली, नाकातून. मास्तर हसले. मान हलवली. माझ्या बाहीला हात लावला. "याचं मराठी कर."

केलं. "असं सुंदर इंग्रजी मी इथे प्रथमच ऐकलं." मास्तर खुर्चीत सरळ झाले.

मग तिने दिवा मारला. उजवा डोळा. डावा. पुन्हा उजवा. मी तिचा हात पाहत होतो. दिवा विझला.

बोलली ती हळू, माझ्यासाठी. उजवा संपला. डाव्यात थोडं आहे. थेंब नियमाने घातले तर काही दिवस राहील, वर्ष, कदाचित जास्त. ऑपरेशन केलं तरी गेलेली नजर परत येणार नाही. दोन वर्षांपूर्वी यायला हवं होतं.

"याचं मराठी कर," मास्तर म्हणाले.

कांताबाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

मी श्वास घेतला. म्हणालो, "थेंब दिलेत. दिवसातून तीनदा, एकदाही चुकवायचे नाहीत, डॉक्टरीणबाईंची सक्त ताकीद आहे. अजून पिकला नाही. उन्हाळ्यानंतर पाहू."

"बघ, मी काय म्हणत होतो!" मास्तर कांताबाईंना म्हणाले. कांताबाईंनी देवाला हात जोडले. डॉ. बेल माझ्याकडे पाहत राहिली. तिला मराठी येत नाही. पण माझं मराठी तिच्या इंग्रजीहून फार लहान झालं, एवढं तिला दिसलं असणार.

रिक्षात मास्तरांनी थेंबांची बाटली मुठीत धरली होती. पूल ओलांडल्यावर फक्त म्हणाले, "बाईंचे उच्चार वेगळे आहेत."

२४ डिसेंबर

क्लासला गेलो नाही. तलावावर बसलो. सर्कस उठून चालली आहे. एका ट्रकवाल्याने विचारलं, येतोस का रायपूरला? एका पायावर तयार झालो असतो.

२५ डिसेंबर

शिबिर नाही. क्लासच्या दारापर्यंत गेलो. आतून मास्तरांचा आवाज, पोरांचा आवाज. परत आलो.

२६ डिसेंबर

रुपराव खोलीवर आला. "मास्तर तुले विचारून राहिले. औषध तीनदा घालते म्हने बुढा, घड्याळ लावून. आता तू येनं काहून सोडलं गा?"

२७ डिसेंबर

गेलो. मागच्या बाकावर बसलो. मास्तर फळ्याकडे गेलेच नाहीत. खुर्चीतून म्हणाले, "शालिकराम आला आहे का? उभा राहा. हे वाक्य पुस्तकात नाही."

मी उभा राहिलो.

"शिष्याने मध्ये श्वास घेतला नसता, तर गुरूस खरे समजले नसते."

रुपरावाने माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजी केलं. कुठेच अडलो नाही.

"बरोबर," मास्तर म्हणाले. "आता खडू घे. फळ्यावर लिही. यापुढे तूच लिही."