न प्यायलेला कप

आदरणीय थोरले चुलतबंधू ध्याबदादा यांस,

करकहून धाकट्या मुतलकचा सलाम. अल्लाच्या कृपेने आम्ही सारे बरे आहोत. तुमची कंबर आता काय म्हणते? वहिनींना सलाम, लेक रवानला आशीर्वाद. ऑलिव्हची झोडणी उरकली असेल. यंदा तेलाला बरकत येवो.

आमच्या पाणीपुरवठा केंद्रात नवा हुकूम आला होता: शिकणे जन्मभर चालते, आणि त्याची परीक्षा गुरुवारी आहे. नापास होईल त्याची बदली फाटकावर. दादा, सव्वीस वर्षे तो पंप मी सांभाळला. त्याचा आवाज जरा बदलला तरी मला झोपेत कळते (बायको म्हणते, तिचा बदललेला जागेपणीही कळत नाही). फाटकावर बसून मी कोणाचा आवाज ऐकू?

शिकवायला अम्मानहून लुब्नाबाई आल्या. वयाने आपल्या रवानएवढ्या, पण जिभेला धार. दिवसभर पडद्यावर बाण आणि वर्तुळे. यात पंप कुठे आहे, असे मी विचारले, तर म्हणाल्या, "काका, पंप तुमच्या मनात आहे!" (मनात असता तर वंगण कमी लागले असते.) मग गुरुवारी संगणकावर चाळीस प्रश्न आले. तिसऱ्यालाच मी असे काही दाबले की पडदा काळाठिक्कर. नापास.

शेवटचा पाठ होता, साहेबापुढे मागणे कसे मांडावे याचे नाटक. मागणारा मी, आणि साहेबाच्या जागी आमचे खरेच साहेब, अबू हातिम. नाटक खरे वाटावे म्हणून बाईंनी कॉफी मागवली, तिथेच त्या चुकल्या. अबू हातिमनी कप दिला. मी तो घेतला आणि न पिता समोर ठेवला. तुम्हाला काय सांगायचे, मुलगी मागायची असो की भांडण मिटवायचे, मागणे मान्य होईपर्यंत पाहुणा कॉफी पीत नाही, आणि कप तसाच राहिला तर यजमानाचे नाक कापले जाते. वर्गातले वीसही जण कपाकडे पाहू लागले. अबू हातिमच्या तोंडून सवयीने निघून गेले, "कॉफी पी, मुतलक. मागशील ते दिलं!"

बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, "मला पंपावरच राहू द्या," आणि कप रिकामा केला.

"अरे लबाडा, हे नाटक होतं!"

"नाटक खोटं असेल साहेब, कॉफी खरी होती. आणि वीस माणसं साक्षीला आहेत."

दादा, त्यांनी शब्द पाळला. ज्याच्या वाट्याचे पाणी अल्ला त्याच्याच दारी पोचवतो. प्रमाणपत्र भिंतीवर लावले आहे. शिक्षणाची मला आता भीती उरलेली नाही.

तुमचा,
मुतलक

ता. क. प्रमाणपत्र हजेरीचे आहे. वहिनींना सांगू नका, त्या माझ्या बायकोला सांगतील.

आणखी एक ता. क. दुसऱ्या दिवशी सकाळी अबू हातिम पंपघरात पाहुणे म्हणून आले. मी कॉफी दिली. त्यांनी कप खाली ठेवला. मीही करकचाच, रीत कशी मोडणार? "प्या साहेब, दिलं." त्यांचे मागणे असे: महिन्याभरात मी ते चाळीस प्रश्न सोडवून पास व्हायचे.

शेवटचा ता. क. आपली रवान शाळेत संगणक शिकवते ना? शुक्रवारच्या नमाजानंतर मी तुमच्याकडे येतो. कॉफी जरूर ठेवा. मी पिणार नाही.