शिक्क्याच्या कडेची चीर

३ जानेवारी
लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची एक दुपार आज सारखी आठवते आहे. शाळेच्या खोलीत आम्ही दोघं जमिनीवर, मध्ये गव्हाच्या खळीची वाटी. टपालातून आलेली पाकिटं हे अलगद उकलायचे, मी उलटी करून चिकटवायची. कोरी बाजू बाहेर. "बघ, नवं झालं," एवढंच म्हणाले. बाकी काही घडलं नाही त्या दुपारी. माझ्या केसांना खळ लागली होती.

हे गेल्याला सहा वर्षं झाली. कागदाचा नाद मला राहिला.

आज मंगलबरोबर संक्रांतीच्या वाणाच्या पुड्या. जुन्या लग्नपत्रिकांचा लगदा, जाळीच्या चौकटीवर गाळून गच्चीत वाळवलेला कागद. त्यावर ठसे. मं. मागच्या गल्लीत राहते, चौतिशीची, नवरा गेलेला, दिराच्या घरात असते. दोन वर्षं येते आहे माझ्याकडे. हात माझ्यापेक्षा चांगला. चपलेच्या तळव्यातून पोपट कोरून आणला. म्हणते, "काकू, ह्यो पोपट म्या चार महिने पायात घातलाय."
खूप हसलो.

७ जानेवारी
ठशांचा डबा मं. नाताळात घरी घेऊन गेली होती, राहिलेलं काम उरकायला. आज पुसायला काढला. गोल शिक्का खालच्या कप्प्यात होता. मी वरच्यात ठेवते.

हा यांच्या शाळेचा. बावीस वर्षं यांच्या हातात होता. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा शाळेचे सगळे शिक्के बदलले, तेव्हा शिपाईमामांनी आणून दिला. "बाई, तुमच्या फुलापानात चालंल." त्याच्या कडेला पाकळ्या काढाव्यात म्हणून मी ब्लेड लावलं होतं. एक चीर दिली आणि पुढे हात चालेना. तसाच ठेवला.

अक्षरांच्या खाचेत आज जांभळी शाई. माझ्याकडे लाल आहे, हिरवी आहे, आणि हळदीची मी करते ती. जांभळी नाही.

मं.ला विचारलं नाही. का नाही विचारलं?

१० जानेवारी
लगद्यासाठी रद्दीची ट्रंक उघडली. शाळेच्या दाखल्याचे जुने कोरे फॉर्म होते त्यात. नमुना बदलला तेव्हा हे घरी घेऊन आले होते, पाठीमागच्या बाजूला किराण्याची यादी लिहायला. एक अख्खा गठ्ठा होता, सुतळी बांधलेला. सुतळी आहे. गठ्ठा अर्धा.

दिवाळीनंतर मीच मं.ला म्हणाले होते, लागेल तेवढं ने, भिजव. तिनं नेलेलं भिजलं असणार.

कागद जुना असला की लगदा मऊ येतो, रंगही छान येतो, चहासारखा. त्या कागदाचं कुणाला दुसरं काही करता येईल, असं कधी मनात आलं नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. बेचाळीस जणी येऊन गेल्या. हळदीकुंकवाच्या ताटाजवळ मी स्वतः बसत नाही आता, शेजारच्या सूनबाईनं सगळ्यांना लावलं. पुड्या सगळ्यांना आवडल्या. एकजण म्हणाली, तीळ खाईन, पुडी देव्हाऱ्यात ठेवीन.

मं. फार उशिरा आली. तिला तिळगूळ दिला, तर मुठीत धरून बसली. खाल्ला नाही. "बरं वाटत नाही का गं?" "बरं हाय की." डब्याकडे एकदाही पाहिलं नाही.

१९ जानेवारी
यांच्या शाळेचे आताचे मुख्याध्यापक घरी. भला माणूस. चहा नको म्हणाले. मोबाईलवर एक फोटो दाखवला. शाळा सोडल्याचा दाखला, बत्तीस वर्षांपूर्वीचा, खाली यांची सही. कुणीतरी नोकरीत लावलाय. जन्मसाल चार वर्षांनी पुढे, म्हणजे सेवा चार वर्षं जास्त. तक्रार झाली आहे.

"मॅडम, त्या सालाचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं. पडताळायला काही नाही. सही सरांचीच आहे का, तेवढं तुम्ही सांगा. तुमचा शब्द चालेल."

सही चांगली उतरवली आहे. पण सहीखालची रेघ ओढताना यांचं पेन कधी थांबत नसे. इथं तीनदा थांबलंय.

मग शिक्का पाहिला. फोटो मोठा करून मागितला. जांभळा गोल, अक्षरं स्वच्छ, आणि उजव्या कडेला चीर.

बत्तीस वर्षांपूर्वीच्या कागदावर माझ्या ब्लेडची चीर.

"चष्म्याचा नंबर बदललाय," मी म्हणाले. "नीट आठवून सांगते." आयुष्यात पहिल्यांदा एवढं सरळ खोटं बोलले असेन. ते गेल्यावर शिक्का काढून कागदावर उठवून पाहिला. दोनदा.

२० जानेवारी
काही केलं नाही. लगदा ढवळत बसले.
कॉन्व्हेंटात कन्फेशनच्या दिवशी ख्रिस्ती मुली आत पापं कबूल करायच्या, आम्ही हिंदू मुली बाहेर बाकावर बसायचो. सिस्टर म्हणायच्या, तुम्ही शांतपणे विचार करा. काय विचार करायचा ते कधी सांगितलं नाही. धाकटी नलू माझ्या शेजारी बसून पाय हलवायची.

२१ जानेवारी
मं.ला बोलावलं. दार लोटलं. फक्त शिक्का तिच्यासमोर ठेवला.

तिनं तो उलटा केला, कडेवरून अंगठा फिरवला. "भावजींनी मागितला." तिचा दीर, कॉलेजजवळ झेरॉक्सचं दुकान आहे त्याचं, फॉर्म भरून देतो. "म्हणले, एकदा बघू दे. म्या न्हाई म्हणलं. तर म्हणले, मग सामान भर."
"आणि फॉर्म?"
"ती रद्दी व्हती ना काकू! रद्दीच म्हणून दिली व्हती तुमी." मग हळूच, "नंतर कळलं मला. नंतर बी गप बसले."
किती दाखले केले, विचारलं. तिला माहीत नाही. एक असेल असं वाटत नाही, म्हणाली.

मी खरं सांगितलं तर काय होईल, हे तिनं विचारलं नाही. जाताना नेहमीसारखी चौकट धुवून उभी करून ठेवली.

सही खोटी म्हटली तर शिक्का कुठला, ते विचारतील. शिक्का माझ्याकडे. माझ्याकडून तिच्याकडे. दीर नामानिराळा. सही खरी म्हटली तर यांच्या नावावर एक खोटा कागद कायमचा. आणि त्यामागून आणखी येतील, सगळे यांच्या सहीचे.

२२ जानेवारी
तो आला होता. दीर. पायरीवरच उभा.
"बसत न्हाई काकू, घाईत हाय. सर लई देवमाणूस. त्यांचं नाव कुणाच्या तोंडी वाईट येऊ न्हाई असं वाटतंय मला."
मी म्हणाले, मलाही.
"शिक्का तुमच्या घरातला, कागद तुमच्या घरातला. विचारतेल तर पयलं तुमालाच विचारतेल ना? अन् मंगलचं म्हणाल तर तिनं हातानं नेलंय, चार बायांनी बघितलंय. सही सरांचीच म्हणलं की मिटलं." टेबलावरचं एक भेटकार्ड उचललं, उजेडात धरलं. "चांगलं करता तुमी. ह्या वयात बरं हाय, जीव रमतोय."
कार्ड खिशात घातलं. मी दिलं नव्हतं.

२४ जानेवारी
मं. तीन दिवस आली नाही. तिच्या घरी गेले. तिची जाऊ दारातून म्हणाली, "माहेरी गेलीय कळंबला." मं.चं माहेर अणदूरचं. आत कुणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

घरी आले तर गच्चीतले ओले कागद. पंधरा. मधल्या एकावर बुटाची अख्खी छाप, टाचेसकट. बाकीच्या चौदांना धक्काही नाही. गच्चीचा जिना बाहेरून आहे.

२५ जानेवारी
चौकशीचं पत्र आलं. धाराशिवला, २९ला, अकरा वाजता. कै. मुख्याध्यापकांच्या सहीबाबत जबाब. "आपल्याकडे असलेले शाळेचे जुने साहित्य सोबत आणावे." म्हणजे आताच्या मुख्याध्यापकांनी शिपाईमामांना विचारलेलं दिसतं.

नलूला लातूरला फोन. ती म्हणाली, "ताई, तू आजारी पडलीस म्हणून कळव." लहानपणी शाळा चुकवायला हेच सांगायची. ती उद्या परवाकडे येते आहे, किल्ली तिच्याकडे राहील.

२७ जानेवारी
शिक्का जाळावा असं आज दुपारी वाटलं. चुलीपाशी नेला. रबर जळतं तेव्हा वास कितीतरी दिवस घरात राहतो.
नाही जाळला.

२८ जानेवारी
उद्या पहिल्या एस.टी.नं जाते. शिक्का रुमालात गुंडाळून पर्समध्ये. उरलेले फॉर्म पिशवीत, मोजून.

सही यांची नाही, हे मी सांगणार. चीर माझी, हेही. कधी दिली, तेही. इथवर ठरलं आहे. यापुढचा प्रश्न, मग हा कुणाच्या हातात होता. दिराचं नाव घ्यायचं तर मं.चं घ्यावं लागतं, आणि घेतलं नाही तर तो तसाच दुकान उघडून बसणार. सकाळपासून दोन्ही वाक्यं मनात म्हणून पाहिली. दोन्ही माझ्या तोंडी बसत नाहीत.

नलू, तू आत झोपली आहेस म्हणून लिहून ठेवते. मला तिथं वेळ लागला किंवा थांबावं लागलं तर:

यांचं पेन तुझ्या लेकाला, सुधीरला. निब बदलू नये.
फुलांचे सगळे ठसे शेजारच्या सूनबाईला. पोपट त्यात देऊ नये, तो मंगलचा आहे.
लग्नपत्रिकांचं पोतं शाळेला, चित्रकलेच्या बाईंना.
माझी कातडी पट्ट्याची घड्याळं दोन्ही तू घे.
जाळीच्या चौकटी, मोठी आणि लहान, मंगलला. तिच्याच हातात. घरी पोचवू नकोस, तिथं पोचलेली वस्तू तिची राहत नाही. ती येईपर्यंत ठेव. आली तर काही विचारू नकोस, आत घे आणि दार लाव. बादलीत लगदा आहे, दोन दिवस टिकेल.

ही वही कुणाला द्यायची ते मी आल्यावर सांगेन. तोवर तुझ्याजवळ. २१ तारखेचं पान मी फाडलेलं नाही. फाडायला हवं होतं का, कळत नाही. कुणी वही मागायला आलं, तर आधी ते पान वाच आणि मग दार उघड.