पऱ्यावरचं टिंब

८ ऑक्टोबर, बुधवार

आधी तक्रार. गल्लीच्या तोंडाला नवी पाटी लागलीये. निळी, पांढऱ्या अक्षरांची. वर लिहिलंय 'पऱ्यांची गल्ली'. पऱ्यांची. म्हणजे पंखवाल्या. मी इथे सून होऊन आले त्याला चोपन्न वर्षं झाली, एकसुद्धा दिसली नाही. आमची पऱ्याची गल्ली. पऱ्या म्हणजे वाहत्या पाण्याचा, व्हाळाहून, म्हणजे ओढ्याहून, बारका. मेल्यांनी एक टिंब घातलं नि पाण्याच्या पोरी करून टाकल्या.

आता वहीचं. ही नातीने, मनूने दिलीन. पुण्याला शिकते. डॉक्टरने साखरेपायी रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलंन, तर ही म्हणते, "आज्जी, कुठे गेलीस ते लिहायचं. दिवाळीत येऊन तपासणार." चौथी शिकलेल्या बाईला या वयात परीक्षा.

आज पाटीपर्यंत गेले. भांडायला कोणी नव्हतं, परत आले. मि. ९.

९ ऑक्टो., गुरु.

पाटी डोक्यातून जाईना. म्हटलं बाकीच्यांच्या नावांचं काय केलंय ते तरी बघू. शेजारच्या जुलेखाभाभीला सोबत घेतलं. (यापुढे जु.भा. लिहीन, नाव लांब आहे.) तिचे गुडघे माझ्याहून वाईट, जीभ माझ्यासारखी.

पहिला रांजण स्टॉप. रांजण कुठे नाही. चहाच्या टपरीवाल्याला विचारलं. म्हणाला, "रांजणे म्हणून कोणी पुढारी होते, त्यांचं नाव." जु.भा. म्हणाली, "होते ना. पोट मोठं, तोंड उघडं, आत पाणी. माझे सासरे रोज सकाळी भरायचे त्यांना." बाजारला चालत जाणाऱ्यांसाठी रस्त्याकडेला रांजण ठेवला होतान तिच्या सासऱ्याने. टपरीवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीन. मि. ३५.

११ ऑक्टो., शनि.

धक्का गल्ली. समुद्र इथून तासभर, मग धक्का कसला? जु.भा. म्हणते मचवे लागत असतील. मी म्हटलं, डोंगरावर? पैज लागली, एक नारळ.

तात्यांना विचारलं. तात्या म्हणजे आमच्याकडचे जुने पोस्टमन, आता काठीवर चालतात, पण कुठल्या घरात कोणाचं पत्र यायचं ते अजून पाठ. हसून खोकला लागला त्यांना. पूर्वी शेवटची एस.टी. तिथे वस्तीला असायची. सकाळी सुरू म्हणून व्हायची नाही. सगळ्या गल्लीने उतरणीपर्यंत धक्का मारायचा. तात्यांनीपण मारलाय, टपालाच्या पिशवीसकट. "तुमचे यजमान तर दात घासता घासता यायचे," म्हणाले.

पैज दोघी हरलो. नारळ मीच फोडला, खोबरं दोघींनी खाल्लं. मि. ५०. डॉक्टरला सांगा.

१४ ऑक्टो., मंगळ.

वाईट बातमी. गल्लीच्या कोपऱ्यावरची जागा मुंबईच्या कोणी घेतलीन, तिथे चिऱ्याची भिंत चालू झालीये. नेमकी पऱ्याच्या तोंडावर. आमच्या गल्लीत पऱ्यावर लाद्या आहेत, वरून वाट. वाट संपली की त्या कोपऱ्यावर तो उघडा होतो नि खाली व्हाळाला जातो. तोंड बंद केलं तर पावसाळ्यात पाणी मागे फिरणार. मागे पहिलं घर जु.भा.चं. सगळं तिच्या चुलीपाशी.

ठेकेदाराला विचारलं, पऱ्याचं काय करणार? तो म्हणाला, "कसला पऱ्या? गटार आहे. चार इंची पाइप टाकतो." मी म्हटलं, श्रावणात ये, तुला त्या पाइपातून जाऊन दाखवायला लावते. तर म्हणाला, "इथे ओढाबिढा आहे असं कुठे लिहिलंय, दाखवा."

रागाच्या भरात टिंब विसरले, ताठ मानेने पाटी दाखवली. त्याने वाचली. मोठ्याने. "पऱ्यांची गल्ली." आणि हसला.

गवंडी बाबू इथलाच. त्याला सगळं ठाऊक. मान खाली घालून चिरा तासत होता.

जु.भा. सोबत होती, घरापर्यंत आली. दारात म्हणाली, "टिंबाने बुडवलं गो."

१५ ऑक्टो., बुध.

कचेरीत गेले. पाट्यांच्या टेबलावर एक तरुण कारकून, घाटावरचा, चष्मा, बोलायला गोड. त्याने सगळं ऐकून घेतलंन. मग म्हणाला, "आज्जी, जुन्या यादीत 'पऱ्याची' होतं. मला वाटलं टिंब राहिलं. मीच दुरुस्त केलं."

दुरुस्त. मी विचारलं, तुमच्याकडे पऱ्या नसतो? म्हणाला, "आमच्याकडे ओढा."

पुरावा आणा म्हणाला. घरी येऊन पत्र्याचा डबा उपसला. यजमानांची पत्रं, मुंबईला नोकरीत होते तेव्हाची. प्रत्येकावर पत्ता, पऱ्याची गल्ली, टिंब नाही. तीन वाजता परत गेले, टेबलावर आपटली.

पोराने एकेक पत्र नीट वाचलंन. म्हणाला, "आज्जी, राग मानू नका. यांनी 'मुबईहून' लिहिलंय. 'गगाधर'. 'भाडं' की 'भांडं' कळत नाही. यांनी एकही टिंब दिलेलं नाही."

खरं आहे. जन्मभर दिलंन नाही. लग्नाआधीच्या पत्रात 'तुझ्यासाठी बागड्या घेतल्या' लिहिलं होतंन, मी आठवडाभर वाट बघितली, बांगड्या येतात की बांगडे.

१६ ऑक्टो., गुरु.

चौथीत बाई एका चुकलेल्या टिंबाला एक पट्टी मारायच्या. माझे हात लाल, यजमान सुटले कसे कोण जाणे. टिंबं शिकवली त्या दिवशी पावसाने त्यांची शाळा गळत असेल, सुट्टी मिळाली असेल.

चालले नाही. राग.

१८ ऑक्टो., शनि.

केलं.

काल बाजारात बांगडीवालीकडे निळ्या टिकल्यांचं पाकीट घेतलं. ती बाई बघत राहिली, मी तर कपाळाला काही लावत नाही. म्हटलं, माझ्यासाठी नाहीत, गल्लीसाठी. सकाळी साडेसहाला प्लॅस्टिकचं स्टूल, जु.भा.ने धरलंन, मी चढले. पांढऱ्या टिंबावर निळी टिकली. दाबून बसवली. उतरून लांब जाऊन बघितलं. पऱ्याची गल्ली. झकास.

जु.भा. म्हणाली, "पाटी सवाष्ण झाली."

हसता हसता स्टूल उलटं झालं. नशीब मी खाली होते. दूधवाल्याने बघितलं, पण त्याचं तोंड बंद राहील, पाण्याच्या दुधाबद्दल मला बरंच ठाऊक आहे. मि. ४५.

२० ऑक्टो., सोम. दिवाळी

मनू आलीये. फराळाआधी वही घेऊन बसली. मला विचारलंन नाही, लाल पेनाने टिंबं घालत सुटली. 'पऱ्याची'वर आली, तिथेही टिंब दिलंन नि थांबली. "आज्जी, पऱ्यांचीच छान वाटतं गं. मी गल्लीचा फोटो टाकला, वर हेच नाव लिहिलं, सगळ्यांना आवडलं."

हाताला धरून लाद्यांवर नेली. नवा ड्रेस. म्हटलं, कान लाव. लावलान. आतून तो चालला होता आपल्या नादात, खळखळ, मध्ये एक गुटुक, पुन्हा खळखळ. जु.भा.च्या धुण्याच्या धोंडीपाशी तसा आवाज होतो. धोंड अजून आहे लादीखाली. तिच्यावर आम्ही दोघींनी किती गोधड्या आपटल्या असतील.

पोरगी उठेना. ड्रेसचं बघ म्हटलं तरी उठेना.

मग येऊन आपलं लाल टिंब तिनेच पांढऱ्या शाईने खोडलंन. चकल्या कडक झाल्यात. मि. लिहीत नाही, सण आहे.

२७ ऑक्टो., सोम.

कारकून आला. पाहणीला. रिक्षाने. मी विचारलं, पत्ता बरा सापडला? चष्मा पुसत म्हणाला, "नाक्यावर पऱ्यांची गल्ली म्हटलं, कोणाला माहीत नाही. पऱ्याची म्हटलं, नव्या पोरांना तेही नाही. मग तुमचं वर्णन सांगितलं. तेव्हा सगळे एकदम म्हणाले, तंटा स्टॉप का?"

मी म्हटलं, काय स्टॉप?

तो लाल झाला. जु.भा. पदराआड हसतेय. रिक्षावाले माझ्या फाटकात गाड्या लावतात नि मी त्यांना बोलते, त्यावरून. किती वर्षं चाललंय हे? जु.भा. म्हणे दहा-बारा. तिचा मुलगापण रिक्षावाल्याला तंटा स्टॉपच सांगतो. आणि मला पत्ता नाही. मी गावभर लोकांना नावं विचारत फिरतेय नि माझंच एक नाव नाक्यावर चालू आहे. पुढाऱ्यांचीसुद्धा मेल्यावर लागतात. माझं जिवंतपणी, पाटीशिवाय, टिंबासकट.

(रागावले असं दाखवलं. रात्री जेवताना एकटीच हसत होते.)

मग त्याला लादीपाशी नेलं. पँट इस्त्रीची होती तरी गुडघ्यावर बसलान. ऐकलंन. बराच वेळ. मान वर करून म्हणाला, "हा तर वाहतोय." म्हटलं, तुझ्या जन्माआधीपासून. पुढे कोपऱ्यावर नेलं, भिंत दाखवली, पाइप दाखवला. त्याने फोटो काढले. मोजपट्टी लावलीन. बाबू गवंड्याला विचारलंन, हे काय आहे? बाबू पहिल्यांदा बोलला, "पऱ्या साहेब. माझी आजीपण इथेच धुवायची." ठेकेदार मोबाइलवर बोलत लांब गेला.

जाताना कारकुनाने पाटीकडे बघितलंन. चष्मा वर-खाली केलान. टिकली दिसली. नुसतं म्हणाला, "आज्जी, लेखी अर्ज द्या. माझ्या हातात एवढंच आहे, पुढे वर जाईल."

चांगला आहे पोरगा. घाटावरचा असला तरी.

३ नोव्हें., सोम.

अर्ज लिहिला. मनू फोनवरून सांगत होती, 'उपरोक्त विषयास अनुसरून'. म्हटलं तुझा उपरोक्त तुझ्यापाशी. माझ्या शब्दात लिहिला. पऱ्या कुठून निघतो, कुठे जातो, लादी कधी पडली, कोण कोण धुवायचं. तात्यांनी सही केली, खाली 'निवृत्त पोस्टमन' ठळक. जु.भा.ने सही केलीन. टपरीवाला, दूधवाला. नाक्यावरचे सगळे रिक्षावाले आले. एकाने सहीखाली पत्ता लिहिलान, तंटा स्टॉप. खोडायला लावणार होते. राहू दे म्हटलं.

७ नोव्हें., शुक्र.

अर्ज दिला, शिक्का घेतला. उत्तर नाही. भिंत उभी राहिलीये, पण पऱ्यासमोर बाबूने तीन चिरे लावले नाहीन. ठेकेदार ओरडला तर म्हणाला, "चिरे कमी पडले." बाजूला ढीग होता. त्या फटीतून पाणी जातंय.

टिकली उन्हाने सुटायला आलीये. पाकिटात अजून आहेत.

सकाळी कारकुनाचा फोन, "साहेब उत्तर पाठवतील, शिपाई घेऊन येईल." म्हटलं, साहेबाचं नको, शिपायाचं नको. टिंब तू घातलंस, उत्तर तू द्यायचंस. स्वतः यायचं, लादीवर बसून, हो की नाही सांगायचं, नि रिक्षावाल्याला सांगताना पऱ्याची म्हणायचं.