आधी मशीन, मग मिनिटाला तीस शब्द

१ जून २०२५, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. शिस्त लागते म्हणतात.
परिस्थिती अशी. बाबा नोकरीत असतानाच गेले. त्यांच्या जागी अनुकंपावर मी लागलो, लिपिक म्हणून. ऑर्डरमध्ये अट क्रमांक सात: दोन वर्षांत मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा पास, मिनिटाला तीस शब्द. नाहीतर सेवा समाप्त. मुदत १५ फेब्रुवारी २०२६.
म्हणजे अजून साडेआठ महिने. भरपूर आहेत. आधीचं सव्वा वर्ष वाया गेलं असं मी मानत नाही. त्या काळात मी ऑफिस समजून घेतलं.
निर्णय: घरी कॉम्प्युटर घ्यायचा. डेस्कटॉप, रेडीमेड. सुटे भाग जोडून घेणं जाणकारांचं काम, मी सध्या जाणकार नाही (सध्या). बजेट पंचवीस हजार, वर एक रुपया नाही. १५ जूनला घरात. मग रोज दोन तास प्रॅक्टिस.

३ जून
ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक कॉम्प्युटर रिकामाच असतो. बद्रीनाथ आस्थापनेचा क्लार्क, माझी फाइल त्याच्याकडेच. म्हणाला, जेवणाच्या सुट्टीत बसत जा की लेका अर्धा तास. मी समजावलं की खराब कीबोर्डवर बोटांना खराब वळण लागतं आणि ते मोडायला दुप्पट वेळ जातो. तो डबा खात राहिला.

८ जून
निशा आली होती. माझी धाकटी बहीण, बजाजनगरला एका झेरॉक्स सेंटरवर टायपिस्ट आहे. मराठी चाळीस, इंग्रजी चाळीस, दोन्ही सर्टिफिकेटं बाबा होते तेव्हाच काढलेली.
बाबांच्या जागेसाठी आधी तिचंच नाव निघालं होतं. मग नातेवाईक बसले आणि ठरलं की मुलगा आहे तर मुलगाच. तिनं नाहरकत दिली. एका शब्दानं काही बोलली नाही, त्यामुळं तो विषय संपलेला आहे.
आज म्हणाली, दादा, रविवारी सेंटर बंद असतंय, किल्ली माझ्याकडंच हाय, ये तू. चार रविवारांत बोटं बसवून देते. भावना चांगली. पण नोकरी माझी तर पद्धतही माझी असायला हवी. शिवाय मुकुंदवाडीहून बजाजनगर म्हणजे शहराचं दुसरं टोक.

१५ जून
कॉम्प्युटर आला नाही. घाई करणारेच फसतात. आठवडाभरात ३१ व्हिडिओ पाहिले. आता प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी यांतला फरक मला झोपेत विचारा. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी बाई, रॅम म्हणजे ओटा, एसएसडी म्हणजे कोठीची खोली. हे मी करुणाला, म्हणजे बायकोला, तिच्याच भाषेत समजावलं. ती म्हणाली, मग ओट्यावरचे तुमचे कागद उचला, मला भाकरी थापायच्यात.
नवी तारीख ३० जून.

२ जुलै
अर्धी रजा टाकून निराला बाजार. तीन दुकानं. शेवटच्यात मोईनभाई म्हणून आहेत. मी त्यांना प्रोसेसरची पिढी विचारली, रॅमचा वेग विचारला, पंखे किती ते विचारलं. त्यांनी एकच विचारलं, करना क्या है. टायपिंग, म्हणालो. म्हणाले, टायपिंगकू इत्ता सब कायकू पूछ रहे भाई? वो कोने में रखा सो ले जाओ, मॉनिटर के साथ अठरा हजार, आज के आज.
मी नुसता हसलो. ‘आज के आज’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा, असं सतराव्या व्हिडिओत स्पष्ट सांगितलंय.

२० जुलै
तक्ता तयार. २२ मॉडेल, १४ रकाने, सगळं फूटपट्टीनं आखून. एक्सेलमध्ये तासाभरात झाला असता, पण कॉम्प्युटर नाही.
टायपिंग क्लासला नाव घातलं, कारण परीक्षेचा फॉर्म क्लासमार्फतच जातो. सर म्हणाले, उद्यापासून या. म्हटलं, घरचा कॉम्प्युटर आला की येतो. ते म्हणाले, अहो, इथं पंचवीस कॉम्प्युटर पडलेत की. लोकांना पद्धतशीरपणा म्हणजे काय तेच माहीत नसतं.

९ ऑगस्ट
ऑफिसात आपलं नाव झालंय. बद्रीनाथला मुलीसाठी कॉम्प्युटर घ्यायचा होता, सल्ला मागायला माझ्याकडं आला. दीड तास दिला. तक्ता दाखवला. संध्याकाळी त्यानं जाऊन मोईनभाईंचा तो कोपऱ्यातला अठरा हजारांचा उचलून आणला. आता मुलगी त्यावर सीईटीचा अभ्यास करते म्हणे. बिचारी.

३१ ऑगस्ट, सकाळी
आई चहा देता देता म्हणाली, तुह्या बापानं पाटावर खडूनं अक्षरं काढली अन् त्याच्यावर बोटं चालवली, तवा पास झाला. लई वाचणं झालं तुहं, आता बोटं चालव.
म्हटलं, आई, तो जमाना वेगळा होता.
व्हय, म्हणाली. तवा नोकरी जायची भीती व्हती.
आईला तंत्रज्ञान समजावणं अवघड आहे.

२१ सप्टेंबर
आता घेणं मूर्खपणाचं. दिवाळीचे सेल तोंडावर आलेत. आम्ही बौद्ध, दिवाळी करत नाही, पण सेल सगळ्यांचा असतो.

१८ ऑक्टोबर
घेतला!!
ऑनलाइन. काचेचं कॅबिनेट, आत सात रंगांचे दिवे, सोळा जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड. पुढची आठ वर्षं बघायला नको. उद्या बढती मिळाली, काम वाढलं, तरी मशीन कमी पडणार नाही. त्रेचाळीस हजार पाचशे. बजेट पंचवीसचं होतं, पण ते जूनमधल्या अज्ञानाचं बजेट होतं. वरचे करुणाच्या भिशीतून. तिनं नाही म्हटलं नाही.

२७ ऑक्टोबर
खोकं आलं. मॉनिटर नाही. चित्रात होता. चित्राखाली बारीक अक्षरात लिहिलंय की मॉनिटर फक्त चित्रापुरता. हा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता, हे मान्य.
तात्पुरतं टीव्हीला जोडलं. दिवे अप्रतिम. आईच्या मालिका सात ते दहा, त्यामुळं प्रॅक्टिस पहाटे पाचला. उद्यापासून.

५ नोव्हेंबर
पहाट जमत नाही. माणसाचा मेंदू साडेसातनंतर चालतो. साडेसातला करुणा पाणी भरायला लावते.

९ नोव्हेंबर
सुरुवात झाली! मराठीचं सॉफ्टवेअर टाकलं. एकदम सोपं. इंग्रजी अक्षरांत लिहा, समोर मराठी उमटतं. म हवा तर एम, क हवा तर के. एवढ्यासाठी लोक सहा सहा महिने क्लास का लावतात? पहिल्याच दिवशी मिनिटाला सात शब्द.

२३ नोव्हेंबर
एकोणीस!! आणि अजून परीक्षेला जवळजवळ महिना आहे.
निशाचा फोन आला. कुठल्या कीबोर्डवर करतोस, असं विचारत होती. म्हटलं, बत्तीसशेचा आहे, दिवे लागतात. ती म्हणाली, तसं नाय रे दादा, अक्षरांची मांडणी कुठली? क्लासात जाऊन एकदा बघ तरी, परीक्षेला कोणती असते. म्हटलं बघतो. क्लासला आता तोंड दाखवायचं म्हणजे सर चार महिन्यांची हजेरी काढणार. त्यापेक्षा डायरेक्ट परीक्षेला जाऊन थक्क करू.

१७ डिसेंबर, दुपारी ३
परीक्षा झाली.
मशीन सुरू झालं. म हवा म्हणून एम दाबला, भलतंच अक्षर आलं. क हवा म्हणून के दाबला, दुसरंच. सगळ्या अक्षरांच्या जागा जुन्या टाइपरायटरच्या, आणि बाकी सगळ्यांना त्या पाठ. शेजारी अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी होती, कीबोर्डकडं न बघता पाऊस पडावा तशी वाजवत होती. मी एकेक अक्षर शोधत होतो. दहा मिनिटांत अडीच ओळी.
परीक्षेचं मशीन चार जीबी रॅमचं होतं, हेही नोंदवून ठेवतो.

२ जानेवारी २०२६
निकाल अजून लागायचाय. पण तो मला माहीत आहे.
बद्रीनाथनं स्वतःहून मुदतवाढीचा अर्ज लिहून दिला. म्हणाला, वर पाठवू, बघू. एवढा जीव लावून तो कधी बोलत नाही. त्यामुळं जास्तच भीती वाटली.

१० जानेवारी
ठरलं. उद्या रविवार, निशाकडं जायचं. मुदतवाढ मिळाली की पुढच्या परीक्षेला पूर्ण तयारीनं. चार रविवार, बोटं बसतील.

११ जानेवारी
गेलो नाही. कॉम्प्युटरला मोठा अपडेट आला, मध्येच बंद करू नका असं स्क्रीनवर लिहिलेलं.
अपडेट अकरालाच संपला होता. खरं कारण वेगळं आहे आणि इथं कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. तिच्यासमोर बसून मला चुकायचं नव्हतं. चुकलो की ती रागावणार नाही, हळूच बोट धरून बरोबर की वर ठेवेल, आणि मग मला आठवणार की ही खुर्ची कुणाची होती.

२५ जानेवारी
गेलो नाही.

६ फेब्रुवारी
वरून उत्तर आलं. मुदतवाढीची तरतूद नाही. बद्रीनाथनं कागद माझ्या हातात दिला नाही, टेबलावर ठेवला आणि पाणी प्यायला निघून गेला.
घरी सांगितलं नाही. करुणानं विचारलं, जेवण का जात नाही. म्हटलं, पित्त.
कॉम्प्युटर बंद असला तरी दिवे लागतात. ते कुठून बंद करायचे ते सापडत नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
मुदत रविवारी संपते, म्हणून आदेश आज निघायला हवा होता. बद्रीनाथ पुतण्याच्या लग्नाला चितेगावला. मसुदा हातानं लिहून ठेवून गेलेला. साहेबांनी बोलावलं. कागद पुढं केला. माझ्याकडं न बघता म्हणाले, हे टाइप करून आणा. आज दुसरा क्लार्क कोण आहे?
दुसरा कोणीच नव्हता.
बाराला बसलो, शेजारच्या रिकाम्या टेबलावर. जुनी मांडणी. दीड वाजेपर्यंत विषयापर्यंत पोहोचलो होतो. विषय: सेवा समाप्तीबाबत. साहेबांचा शिपाई दोनदा डोकावून गेला.
शेवटी मसुद्याचा फोटो काढून निशाला व्हॉट्सॲप केला.
तिचा फोन आला. मागं झेरॉक्स मशीनचा आवाज येत होता. म्हणाली, दादा, खरंय का हे? म्हटलं, हो. आईला माहीत हाय का? म्हटलं, नाही. मग म्हणाली, तारीख आजचीच टाकू ना?
टाक, म्हटलं.
सात मिनिटांत टाइप केलेला आदेश आला. दोन पानं. समास सरळ, रकाने सरळ, माझं नाव बरोबर. बाबांच्या नावाआधी बद्रीनाथनं कै. लिहिलं होतं, त्या जागी निशानं, आमच्यात लिहितात तसं, कालकथित केलं होतं. मी तसंच राहू दिलं. प्रिंट काढताना डोळ्यांत पाणी आलं, पण प्रिंटरजवळ कोणी नव्हतं.
साहेबांनी लाल पेन उघडलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पेन फिरवत वाचलं. कुठंच टेकवावं लागलं नाही. ते बाजूला ठेवून त्यांनी निळं घेतलं, सही केली, आणि पहिल्यांदाच माझ्याकडं बघून म्हणाले, बघा, मनावर घेतलं की जमतं.
मी थँक्यू सर म्हणालो.