लंकेतला शिमगा आणि माझी पडवी

मी, भिवा धोंडू नाटेकर, वय वर्षे ६७, सेनेतून निवृत्त हवालदार, राहणार काळबादेवी, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, असे डॉक्टरांचे मत आहे. पत्नी बकुळा हिचे मत वेगळे, पण ते लग्नापासूनचे आहे. कोणाचा दाब नाही, कोणी भरीस घातलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोठे निघाल्यास ते खोटे समजावे.

कलम १. राहते घर मी स्वकष्टाने बांधलेले आहे. ते बकुळेच्या हयातीपर्यंत बकुळेचे, तिच्यामागे मुलगा चिराग याचे. चिरागला एक अट आहे. ती कळावी म्हणून थोडे मागे जावे लागेल. वकील म्हणाले, "काका, मृत्युपत्रात गोष्टी लिहीत नाहीत." वकील तरुण आहेत, शिकतील.

गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मला वाचायची बंदी होती. सूनबाई रुचिराने वाचनालयातून एक जाड कादंबरी आणली. श्रीलंकेत गेलेल्या आपल्या फौजेची गोष्ट. मीही त्या फौजेत होतो, पण घरी कोणी विचारले तर "तिकडेही नारळच" एवढेच सांगत असे. रुचिरा रोज दुपारी पडवीत बसून मोठ्याने वाची. कादंबरीतले शिपाई रात्री चांदण्या बघत फार विचार करतात. आम्ही डास मारत असू. तरी लेखकाला लाल माती आणि खारा वारा बरोबर सापडला होता.

एका प्रकरणात तळावर होळी पेटते. ते ऐकले आणि मी एकटाच खदखदून हसू लागलो.

"बाबा, यात हसण्यासारखं काय आहे?" रुचिराने विचारले.

तेव्हा मी पहिल्यांदा रामजी घागचे नाव घरात काढले. रामजी गुहागरचा, माझ्याच तुकडीतला. त्रिंकोमलीच्या तळावर शिमग्याला सगळ्यांची तोंडे उतरली होती, तर हा मच्छरदाणीची साडी नेसून, दोन करवंट्या बांधून, आमच्याकडच्या नमन-खेळातली मावशी होऊन आला. मी पत्र्याच्या डब्याचा मृदंग केला. आमचे कर्नलसाहेब पंजाबी. त्यांना एक अक्षर कळले नाही, पण हसता हसता त्यांची टोपी पडली. पुढे पावसाळ्याआधी रस्त्यावर सुरुंग फुटला आणि रामजी तिथेच राहिला. त्याच्या घरी तार गेली. मी लंकेवर बोलत नसे, ते त्यामुळे.

दुसऱ्या दिवसापासून हाशिम वस्ता ऐकायला येऊ लागला. हा त्याच तळावर ट्रक चालवी, आता बंदरावर राहतो. पोफळी गावचे, लंकेत गेलेले दोघे माजी सैनिक आले. वाचन राहिले बाजूला, सगळे "असं नव्हतं रे" म्हणून भांडू लागले. बकुळा चहा करून दमली, पण दार लावीना. म्हणाली, "इतकी वर्षं हा माणूस झोपेत बोलायचा. आता जागेपणी बोलतोय."

मग बातमी गुहागरपर्यंत पोचली आणि एका रविवारी रामजीची बायको येसूबाई आली. तवसाळ-जयगडच्या फेरीबोटीतून, एकटी. ती बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "मला तारेतलं म्हाईत हाय. तारेच्या आधीचं सांगा."

विधवा बाईला करवंट्यांचे कसे सांगावे? हाशिमने सांगितले, सगळे, नक्कल करून.

येसूबाई तोंडाला पदर लावून बसली. खांदे हलत होते. आम्हाला वाटले, रडते. पदर काढला तर हसत होती, आणि डोळे वाहत होते. "मेला घरी कधी दात दाखवीत नसे! माझ्या मैतरणी म्हणत, तुझा नवरा दगड हाय. करून दाखवा बघू."

मग मी, गुडघ्याला पट्टा बांधलेला माणूस, बकुळेचे लुगडे नेसून पडवीत नाचलो. हाशिमने बादली बडवली. चिराग कामावरून आला तो हे दृश्य पाहून दारातच उभा राहिला.

तेव्हापासून येसूबाई दर महिन्याला येते. आता अट. चिराग म्हणतो, "बाबा, पडवी बंद केली तर पर्यटकांसाठी दोन खोल्या निघतात. आरे-वाऱ्याच्या किनाऱ्याला येणारे राहतील." त्याचा हिशोब चूक नाही. खोल्या त्याने मागल्या अंगणात बांधाव्यात. पण आमच्यातला एकही जण किंवा येसूबाई जिवंत असेतो पडवीला भिंत घालू नये. पर्यटक ऐकायला बसल्यास हरकत नाही.

कलम २. बँकेतील ठेव बकुळेची. तिने आधी स्वतःचे गुडघे डॉक्टरांना दाखवावेत, मग देवाला काय ते.

कलम ३. परदेशातील सेवेचे माझे पदक रुचिराला. तिने वाचले नसते तर मी तसाच गेलो असतो.

कलम ४. चुलतभाऊ दत्ताराम गावभर सांगतो की भिवाने लंकेतून सोन्याच्या विटा आणल्या. त्यास माझी लोखंडी ट्रंक कुलपासह द्यावी. किल्ली देऊ नये. शोधू दे.

कलम ५. माझी होडी मी हाशिमला लिहिणार होतो. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मी हाशिमला विचारले, "होडी हवी की सही?"

तो भडकला. "होडी घाल चुलीत! तू शुद्धीवर आहेस हे माझ्याशिवाय कोण सांगणार? तिकडे तुला शुद्धीवर मीच आणला होता, ट्रकमध्ये घालून."

हे खरे आहे, सुरुंग फुटला त्या दिवशीचे. म्हणून होडी त्याची नात नबीला हिला, जिला पोहता येते आणि आजोबांपेक्षा वल्हवता चांगले येते. हाशिमला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. तो आनंदाने खाली सही करत आहे.

हे सर्व मी समजून, उमजून, साक्षीदारांसमक्ष लिहून सही केली.

ठिकाण: काळबादेवी, रत्नागिरी
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

(सही) भिवा धोंडू नाटेकर

साक्षीदार:
१. (सही) हाशिम इब्राहिम वस्ता
२. (सही) येसूबाई रामजी घाग, गुहागर