यात काजू आहे का?

प्रिय बाबा,

हे पत्र उभ्याने वाचू नका. खुर्चीत बसा, आणि अर्ध्यात थांबून मला फोन लावू नका. मी उचलणार नाही. दर रविवारी तुम्ही विचारता, "ऑफिस कसं चाललंय?" आणि मी म्हणते, "चाललंय." बाबा, ऑफिस कधीच सुटलं. त्या विमा कंपनीच्या खुर्चीवर मी चार महिने बसले, लोकांचे अर्ज संगणकात भरले, आणि एका सोमवारी राजीनामा देऊन बाहेर पडले. गेले अकरा महिने मी एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करतेय. गल्ल्यावर नाही, वाढायला नाही. स्वयंपाकी म्हणून. आईला हे पहिल्या महिन्यापासून ठाऊक आहे. तिच्यावर चिडू नका, मीच तिला शपथ घातली होती. ती एवढंच म्हणाली, "तुझ्या बाबांना सांगायची माझी छाती नाही. तुझं तू निस्तर." म्हणून निस्तरतेय.

तुमच्या मनात आत्ता काय चाललं असेल ते मला कळतंय. ज्या मुलीला काजूचा कण चालत नाही, ती काजूच्या डब्यांच्या मांडणीशेजारी उभी राहून काम करते? हो, करते. चार वर्षांची असताना शेजारच्या काकूंनी माझ्या हातावर मिठाईचा तुकडा ठेवला, माझे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वासाला शिट्टी लागली आणि तुम्ही एका पायात चप्पल घालून मला खांद्यावर टाकून दवाखान्यापर्यंत पळालात. मला त्यातलं काही आठवत नाही, पण इतक्यांदा ऐकलंय की आठवतंय असंच वाटतं. काजू आणि पिस्ता, दोन्ही बंद, बहुधा जन्मभर, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तुम्ही त्या गोष्टीच्या हात धुऊन मागे लागलात. छापखान्यात दिवसभर खाऊच्या वेष्टनांची प्रुफं तपासायची आणि घरी येऊन तेच भिंग लावून आमची बिस्किटं तपासायची. मला अक्षरओळखसुद्धा तुम्ही पुड्यांच्या पाठीवरून करून दिलीत. 'अंश असू शकतात' हे तीन शब्द मला माझ्या नावाच्या आधी वाचता येत होते.

आणि आत्याच्या घरी झालेलं ते महाभारत? "एवढंसं खाल्ल्यानं काय होतंय? सवयीनं जातं. आमच्या वेळी नव्हती असली थेरं!" असं म्हणत तिनं माझ्या ताटाकडे काजूच्या खिरीचा चमचा नेला, आणि तुम्ही भरल्या ताटावरून उठलात, माझा हात धरलात आणि जिना उतरलात. पुढची चार वर्षं सख्ख्या बहिणीशी अबोला. मी सात वर्षांची होते. जिन्यावर तुम्ही मला म्हणालात, "भिंगरे, आपल्या जिवापुढे कुणाची भीडभाड ठेवायची नाही." बाबा, भांडायला तुम्हीच शिकवलंत. आता ती विद्या तुमच्यावर चालवली तर तक्रार करू नका.

कारण तुम्हाला न सांगितलेलंही बरंच आहे. मी शाळेच्या एकाही सहलीला गेले नाही. मैत्रिणींकडे गेले ती डबा घेऊन, आणि बऱ्याचदा तो न उघडताच परत आणला. सगळ्या एका ताटातून खात असताना आपण एकटीनं झाकण काढायचं म्हणजे जीव जायचा. मग संध्याकाळी तुम्ही डबा बघून विचारायचात, भूक नव्हती का? मी म्हणायचे, नव्हती. भूक खूप असायची हो. तुमच्याबरोबर ओट्याशी उभं राहून पावाचं पीठ मळायचे तेव्हा तेवढी ती भागायची. बाहेरचं काहीच चालत नाही म्हणून आपण दोघांनी घरी काय काय केलं! तुमचे पाव विटेसारखे व्हायचे. माझे फुगायचे. मला स्वयंपाकाचं वेड लागलं ते तुमच्याच भीतीपोटी, हे तुम्हाला कधी सुचलं तरी का?

इथल्या मुख्य स्वयंपाक्यांना सगळे सुभेदार म्हणतात. फौजेत कधी नव्हते, आवाज तेवढा तसा आहे. पहिल्या दिवशी मी लपवाछपवी केली नाही. उभ्या उभ्या सांगितलं, मला काजू-पिस्त्याची ॲलर्जी आहे, जीव जाऊ शकतो, आणि मला काम हवंय. ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे माशाला पाण्याची ॲलर्जी! इथं निम्मे रस्से काजूवर दाट होतात, पोरी. चव कशी बघणार?" मी म्हटलं, जे चालतं त्याची बघेन, बाकीचं तुम्ही बघा, एक आठवडा द्या. त्यांनी मला पावाच्या आणि भाज्यांच्या बाजूला लावलं. माझ्या सुऱ्यांना, पळ्यांना, पाटाला मी निळी चिकटपट्टी लावली आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं, निळ्याला कुणी हात लावायचा नाही. हातांवर नुसता सॅनिटायझर चोळून चालत नाही, काजू तसाच राहतो, साबणानंच धुवावे लागतात, हेही सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "राणीसाहेब आल्या." आल्या तर आल्या. आठवडा संपला तेव्हा पाव माझाच जात होता.

खरी ठिणगी पडली ती चौथ्या महिन्यात. दुपारची गर्दी होती. वाढप्यानं माझ्यासमोरून एक ताट उचललं आणि जाता जाता दुसऱ्याला सांगितलं, "ती सात नंबरची बाई विचारत होती, यात काजू आहे का? म्हटलं नाही. लेकराचं पथ्य आहे म्हणे. असतात एकेकाची नाटकं." बाबा, त्या ताटातल्या रश्शात मूठभर काजू वाटून घातलेले मी डोळ्यांनी पाहिले होते. मी हातातली सुरी टाकली आणि ॲप्रनसकट बाहेर धावले. सात नंबरवर पाचेक वर्षांची मुलगी, चमचा तोंडापाशी. मी तिच्या हातातून चमचा हिसकावला. ती भोकाड पसरून रडायला लागली, सगळं हॉटेल माझ्याकडे बघायला लागलं, आणि तिची आई उठून उभी राहिली. मला वाटलं आता मारते ही. मी म्हटलं, "ताई, यात काजू आहे. तुम्हाला खोटं सांगितलं." ती बाई मटकन खाली बसली आणि तिनं मुलीला पोटाशी धरलं.

आत आले तर सुभेदार लालबुंद. "गिऱ्हाइकासमोर तमाशा? ॲप्रन काढ आणि नीघ!" मी ॲप्रन काढला नाही. म्हटलं, "काढते. आधी मला सांगा, या सहा पातेल्यांपैकी काजू कशाकशात आहे?" त्यांनी चार दाखवली. मी म्हटलं, पाचव्यातही आहे, सकाळी उरलेलं वाटण त्यात गेलंय, आणि सहाव्यात त्याचीच पळी फिरतेय. खरं की खोटं ते या सगळ्यांना विचारा. मग भांडी घासणाऱ्या मावशी मोरीतूनच म्हणाल्या, "खरंय तिचं. पळ्या मी घासते, मला विचारा." सुभेदारांनी सहाव्या पातेल्यातली पळी काढून मोरीत टाकली. नंतर एवढंच म्हणाले, "लिहून काढ."

मी लिहून काढलं. एकसष्ट पदार्थ, कशात काय पडतं ते सगळं, काजूच नव्हे तर दूध, अंडं, गहू, तीळ, मासे, शेंगदाणे, सगळं. तुमच्यासारखी प्रुफं तीनदा तपासली. तो कागद आता वाढप्यांच्या खिडकीशेजारी टांगलाय आणि आत विचारल्याशिवाय कुणालाही 'नाही' म्हणायची मुभा नाही. ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' म्हणायचं. मागच्या बाजूची एक शेगडी, एक कपाट आणि एक मोरी काजूवाचून चालते. ती माझ्या ताब्यात आहे. लांबलांबून लोक लेकरांना घेऊन येतात, बाबा. एक आजोबा आले होते, त्यांनी तीस वर्षांत हॉटेलात जेवण घेतलं नव्हतं. माझ्या हातचं जेवले आणि वर पाव बांधून घेऊन गेले.

आता बसलाच आहात तर हेही ऐका. एकोणीस दिवसांपूर्वी मला झटका आला. नवीन आलेल्या स्वयंपाक्यानं घाईत माझी निळी पळी उचलली, काजूच्या पातेल्यात घातली आणि पुसून जागेवर ठेवली. मी माझाच रस्सा चाखला. पहिल्यांदा टाळूला खाज सुटली, मग घशाशी गोळा आला, आणि पोटात अशी भीती बसली की आता काहीतरी भयंकर होणार. तुम्ही वर्षानुवर्षं घोकून घेतलंत ते सगळं आपोआप झालं. गप्प बसायचं नाही, कोपऱ्यात जायचं नाही, पाणी पीत बसायचं नाही. मी ओरडले, "काजू लागलाय!" आणि फरशीवर आडवी झाले. ॲड्रेनलिनच्या इंजेक्शनचं पेन खिशातच होतं, पँटवरूनच मांडीत दाबलं. सुभेदारांनी कांद्याचं पोतं ओढून माझे पाय त्यावर ठेवले आणि रुग्णवाहिका बोलावली. मी उठून बसायला गेले तर दरडावले, "पडून राहा! तूच शिकवलंस ना?" पाच मिनिटांत उतार पडेना, तेव्हा दुसरं पेन मावशींनी टोचलं. मी संत्र्यावर त्यांची रंगीत तालीम घेतली होती, तेव्हा त्या लाजत होत्या. त्या दिवशी हात जरासुद्धा हलला नाही. दवाखान्यात त्यांनी मला रात्रभर ठेवून घेतलं, कारण झटका परत उलटू शकतो. उलटला नाही. पाचव्या दिवशी मी कामावर होते. आता निळ्या वस्तू कुलपात असतात आणि किल्ली माझ्या गळ्यात.

तुमची भीती खोटी होती असं मी म्हणत नाही. ती खरीच होती, फरशीवर पडल्या पडल्या कळलं मला. पण मला न्यायला येऊ नका. मी येणार नाही. ज्या कामात मला धोका आहे, त्याच कामातून मी त्या सात नंबरच्या मुलीला वाचवलं. विमा कंपनीच्या खुर्चीवर बसून ते झालं नसतं. तुम्हाला रागवायचं तर रागवा, अबोला धरायचा तर आत्याशी धरलात तसा चार वर्षं धरा, तुम्हाला जमतं ते. मीही तुमचीच आहे, मलाही जमेल.

हे सगळं आजच का लिहिलं ते सांगते. माझ्या पाकिटात ते पिवळं कार्ड आहे ना, 'तातडीच्या वेळी यांना कळवा'. त्यावर पंधरा वर्षं एकच नंबर होता, तुमचा. त्या दिवशी रुग्णवाहिकेतल्या नर्सनं तो लावायला फोन काढला आणि मी तिचा हात धरला. तुम्ही आठ तासांच्या वाटेवर आहात, बाबा. तुम्ही फक्त तडफडला असतात. परवा मी नवीन कार्ड केलं. पहिल्या ओळीत सुभेदारांचा नंबर आहे, दुसऱ्या ओळीत मावशींचा, तुमचा तिसऱ्या. तुमचा नंबर खाली सरकवताना दोन कार्डं फाडली, खोटं कशाला बोलू. पण हे तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवं होतं. आई सांगते, तुम्ही अजून अंघोळीला जातानाही फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत नेता. उद्यापासून तो बाहेर टेबलावर ठेवा. अंगावर सावकाश पाणी घ्या. मला काही झालंच तर इथली माणसं माझ्याजवळ आधी पोचतील, आणि त्यांना काय करायचं ते मी शिकवलंय, तुम्ही मला शिकवलंत तसंच.

तुमचीच हट्टी,
भिंगरी